बंडीच्या पोटातला कापूस

कोणी राम राम केला की बडेबाबू उत्तर द्यायच्या आधी त्या माणसाच्या हाताकडे पाहत. हात रिकामे असले तर विचारत, "काय मागाले आला?" आणि हातात काही असलं तर, "हे कायले आणलं?" तिसऱ्या प्रकारचा माणूस त्यांच्या जगात नव्हताच.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापूस पारखायला होते. तीस वर्षं तेच काम. त्यांना सगळे बडेबाबू म्हणत. खरं नाव मला ठाऊक आहे, पण सांगायची हिंमत होत नाही. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली, तरी वाटतं की कुठून तरी विचारतील, "माह्यं नाव काहून घेतलं? काय काम पडलं?"

त्यांचा घड्याळावर विश्वास नव्हता. ऑफिसच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, सेठजींच्या हातात एक होतं, पण बडेबाबू दिवस सुरू करत ते इटारसीकडे जाणारी पॅसेंजर स्टेशनातून सुटल्यावर. ती रोज वेगवेगळी लेट. त्यामुळे आमच्याकडे सकाळ कधी साडेसातला व्हायची, तर कधी नवाला. आकाशावर विश्वास नव्हता म्हणून भर जानेवारीत बगलेत छत्री. आणि माणसांवर तर नव्हताच. घरी जाताना ते आपल्या रजिस्टरवर एक सरकी ठेवत. सरकी म्हणजे कापसाचं बी. सकाळी ती जागची हलली असली की दिवसभर प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत बसत. रजिस्टरमध्ये लपवण्यासारखं काय होतं? मी पाहिलं आहे. काही नव्हतं. पण ते पाहताना सरकी घरंगळली आणि त्या दिवशी तीन माणसांना उगाच बोलणी बसली. मी त्यात नव्हतो. मी तोंड फार निष्पाप करून बसलो होतो.

"वरचा कापूस सगळ्यायचाच चांगला असते," हे त्यांचं रोजचं वाक्य. बंडीतल्या, म्हणजे बैलगाडीतल्या, कापसाबद्दल म्हणत, नव्या जावयाबद्दल म्हणत, आणि मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा टेरिलिनचा शर्ट घालून समोर उभा राहिलो तेव्हा माझ्याबद्दलही म्हणाले.

तो पहिला दिवस सांगतो. ऐंशी सालानंतरचे दिवस होते ते. मी सौसरचा. वडील तिथल्या शाळेत चपराशी. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या पुसल्या, म्हणून मुलानं खुर्चीवर बसावं एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. मी हिंदी टायपिंगची परीक्षा पास झालो आणि पांढुर्ण्याच्या या कारखान्यात पत्रव्यवहाराचा बाबू म्हणून लागलो. सेठजी म्हणाले होते, "होली तक देखेंगे. काम जमा तो पक्का." म्हणजे दिवाळी ते होळी माझी परीक्षा. वडिलांनी बस स्टँडवर एकच विचारलं होतं, "खुर्चीले हात हायेत ना?"

खुर्चीला हात होते. मी पाहूनही घेतले. टाईपरायटरवरचं कापड काढणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर्टिफिकेट पाहू." बडेबाबूंनी सर्टिफिकेट उन्हाकडे धरून पाहिलं. शिक्का नखानं खरवडला. मग मला म्हणाले,

"तोंड उघड."

मी आधी मागं पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का म्हणून.

"तुलेच म्हणून राहिलो. आ कर."

मी आ केला. बैलबाजारात गोऱ्ह्याचे दात पाहतात तसं त्यांनी माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. एक मागची दाढ बोटानं हलवूनही पाहिली.

"तंबाकू खातं का?"

"नाही."

"सुपारी?"

"नाही जी."

"खरं सांगून राहिला का? बरं. चाल."

आणि ते मला अंगणात घेऊन गेले. तिथं कापसाच्या बंड्या रांगेनं उभ्या होत्या. त्या बंड्यांच्या मागं पार मार्चपर्यंत माझी खुर्ची दिसेनाशी झाली.

काम असं होतं. मंडीत बोली झाली की कापसाची बंडी आमच्याकडे यायची. बंडीत वरवर सगळा कापूस कोरडा आणि पांढराशुभ्र. पण वजन वाढावं म्हणून कोणी पोटातल्या कापसावर पाणी शिंपडायचा, किंवा दहिवरातच वेचणी केलेली असायची. ओला कापूस गोदामात तापतो, पिवळा पडतो. म्हणून बंडीत खांद्यापर्यंत हात घालायचा, पोटातला मूठभर कापूस बाहेर काढायचा, रुई ओढून सरकी मोकळी करायची आणि ती दातांखाली धरायची. कोरडी असली तर 'कट्' वाजून फुटते. ओली असली तर आवाज न करता चेपते. कट् वाजलं तर बंडी काट्यावर. चेपली तर भाव तुटला.

एका दिवसात चाळीस-पन्नास बंड्या. एका बंडीतून तीन-चार ठिकाणच्या सरक्या. संध्याकाळी खोलीवर आलो की जबडा असा धरायचा की भाकरी वरणात बुडवून गिळावी लागे. नाकात, कानांत, भुवयांवर कापसाचं तूस. आरशात पाहिलं तर माझे वडील उभे. तोंडाला सरकीच्या तेलाची चव इतकी बसली की चहाही गुरांच्या ढेपेसारखा लागायचा. ऑफिसमध्ये माझी खुर्ची रिकामी, आणि बडेबाबू बंड्यांजवळ छत्री टेकून, तोंडावर दुपट्टा धरून उभे.

"बडेबाबू, मी टायपिंगसाठी लागलो होतो."

"हाव. मंग?"

"मंग हे काहून?"

"दात हायेत म्हणून," ते म्हणाले. मला वाटलं हा माणूस थट्टा करतो आहे.

त्यांच्या हाताखाली राहून संशय मलाही लागला, कापसाचं तूस लागतं तसा. याला मला टेबलापासून दूरच काहून ठेवायचं आहे? आधी वाटलं, यांना टाईपरायटरवर आपला भाचा बसवायचा असेल. चौकशी केली तर भाचा पोलिसात. मग वाटलं, येणारी पत्रं माझ्या हाती पडू नयेत असं काही असेल. मग मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो, आणि नजर ठेवली की काय, दिसायला लागतंच.

एक. ज्या माणसाचं नाव पारखी म्हणून पार वरूडपर्यंत होतं, तो स्वतः एकही सरकी चावत नव्हता. दोन. बोलताना तोंडावर दुपट्टा. सरळ माणूस तोंड कायले झाकेल? तीन. महिन्यातून एका रविवारी सकाळच्या गाडीनं नागपूरला जायचे, आणि सोमवारी गाल सुजवून, कोणाशी न बोलता बसायचे. नागपूरला कापसाचे मोठे व्यापारी. मी दोन आणि दोन जोडले. चार आले नसते तरी मी आणले असते.

चौथी गोष्ट सगळ्यात भयंकर. दर शनिवारी ते जामसांवलीच्या मारुतीला जात आणि नारळाचा प्रसाद आणत. सगळ्यांना खोबरं वाटत, आणि प्रत्येकाचं चावून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत. स्वतः मात्र एक तुकडा खात नसत. का? माझ्या मनानं लगेच उत्तर दिलं. खोबऱ्यावर काहीतरी केलेलं आहे. मी माझा तुकडा खिशात घातला, खोलीवर आलो आणि घरमालकिणीच्या शेळीला दिला. मग दोन दिवस त्या शेळीमागं फिरलो. शेळी ठणठणीत. तिसऱ्या दिवशी घरमालकीण म्हणाली, "काहून रे बाबू, शेळी इकत घ्याची हाय का?"

शेळीवरून मी शहाणा व्हायला हवा होतो. मी उलट सेठजींना निनावी पत्र लिहायला बसलो. जेवणाच्या सुट्टीत, दार लावून, टाईप करून. 'बडेबाबू आजकल खुद एक भी गाड़ी नहीं जाँचते. सारा काम नए लड़के पर छोड़ रखा है. इसमें क्या राज है, पता लगाइए. आपका एक शुभचिंतक.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाईप केलं, आणि आपण किती चतुर म्हणून स्वतःची पाठ थोपटली. त्या अख्ख्या कारखान्यात टाईपरायटर एक आणि टायपिंग येणारा माणूस एक, हे मला पाकीट पेटीत टाकल्यावरही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं, पुरावाही हाती लागला तर बरं. जेवणं झाली की बडेबाबू एकटेच मागच्या बाजूला जात. तिथं आगीसाठी भरून ठेवलेला पाण्याचा हौद होता आणि त्याच्या अलीकडे रुईच्या गाठींची थप्पी. मी थप्पीमागून दबकत गेलो. बडेबाबू हौदाच्या काठावर पाठमोरे बसले होते, डोक्यावरून दुपट्टा. काहीतरी जपून ब्रशानं घासत होते. चांदीचं असावं, मला वाटलं. कोणी दिलं असेल? मी मान लांब केली.

बडेबाबूंना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, ते त्यांच्या तळहातावर. वरची-खालची पूर्ण कवळी, ओली, उन्हात चमकणारी.

ते वळले. गाल आत गेलेले. एका क्षणात ते वीस वर्षांनी म्हातारे झाले होते. त्यांनी घाईघाईनं दात तोंडात बसवले आणि विचारलं,

"काय पाह्यलं?"

"काही नाही जी."

"काहीच नाही म्हणतं, म्हंजे पाह्यलं."

त्यांनी ब्रश पाण्यात विसळला. मग म्हणाले, "तीस वर्सं सरकी चावली. दात काय लोखंडाचे हायेत? वरचे परवाच्या सीजनमधी गेले. खालचे मागच्या वर्सी. नागपूरले जाऊन हे बसवले. पण यायनं समजत नाही रे. लाकडानं लाकूड चावल्यावानी वाटते."

"सेठजींना माहीत नाही?"

"शेट मले पगार दाताचा देते. दात नाही म्हणल्यावर मले कायले ठेवते?" आणि लगेच डोळे बारीक करून, "तू सांगशीन."

"नाही सांगणार."

"सांगशीन. आज नाही तं उद्या."

उद्या नव्हे हो, मी कालच सांगून बसलो होतो! मी तसाच डाकघराकडे पळालो. आमच्या भागाचा डाकिया पायरीवर बसून विडी ओढत होता. मी धापा टाकत विचारलं तर म्हणाला, "शेटचं पाकीट? सकाळीच देलं. बाबू, शंभर पावलावर राहून राहिला न् डाकेनं पाठवून राहिला?"

त्या दिवशी वरणात बुडवलेली भाकरीही गिळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सेठजी अंगणात आले. ते अंगणात कधी येत नसत, कापसानं त्यांना शिंका येत. त्या दिवशी नाकाला रुमाल लावून आले आणि माझ्या बंडीजवळच उभे राहिले. बंडी एका म्हातारीची होती. लुगड्याचा काष्टा मारलेली, स्वतः बैल हाकत आलेली, तोंडाची फटकळ. मी हात घातला, सरकी काढली, दातांखाली धरली. पण सेठजींच्या खिशातून डोकावणारं ते पाकीट मला दिसत होतं, आणि बाजूला छत्री टेकून उभे असलेले बडेबाबूही. सरकी वाजली की नाही तेच मला कळलं नाही.

"ओला," मी म्हणालो. मग म्हातारीचं तोंड पाहिलं. "नाही नाही, कोरडा."

"अवो माय!" म्हातारी बंडीवरून खालीच उतरली. "एका तोंडानं दोन गोठी? ह्या पोट्ट्याच्या दातावर माह्या कापसाचा भाव ठरवता का? बडेबाबू, तुमी चावून पाहा. मले दुसऱ्याचं काही आयकाचं नाही."

"बराबर बोल रही है अम्मा," सेठजी शांतपणे म्हणाले. "बडेबाबू, आज आप ही देखिए. दाँत से."

बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. 'पाह्य, म्हणलं होतं ना' एवढंच होतं. त्यांनी छत्री मला धरायला दिली. बाही वर केली. बंडीत खांद्यापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मूठभर कापूस काढला, सरकी मोकळी केली आणि दुपट्टा तोंडावर ओढून ती तोंडात टाकली.

"दुपट्टा हटाइए ना," सेठजी म्हणाले.

दुपट्टा खाली आला. बडेबाबूंनी जबडा मिटला. काही वाजलं नाही. म्हातारी श्वास धरून उभी. मी छत्रीची मूठ आवळून. त्यांच्या कानशिलाची शीर ताठ झाली, त्यांनी आणखी जोर लावला, आणि—

कट्!

असा मोठा आवाज मी तोवर एकाही सरकीचा ऐकला नव्हता. नंतरही नाही.

"सूखा है," सेठजी म्हणाले.

"मंग? मी काय सांगून राहिली होती!" म्हातारीनं कंबरेवर हात ठेवले.

बडेबाबूंनी ओठ घट्ट मिटलेलेच ठेवून मान हलवली, बोटानं काट्याकडे खूण केली आणि पाठमोरे हौदाकडे चालू लागले. मी गुपचूप त्याच बंडीतली एक सरकी काढून चावली. कट्. बारीक, स्वच्छ. कापूस खरंच कोरडा होता.

जाता जाता सेठजींनी पाकीट माझ्या हातात दिलं. "मशीन में 'क' टेढ़ा छपता है," ते म्हणाले. "ठीक करवा लो."

त्यानंतर दोन दिवस बडेबाबू बोलले नाहीत. मारुतीचं काही व्रत असेल असं सगळ्यांना वाटलं. शनिवारी त्यांनी मला थप्पीमागं बोलावलं आणि गाठ मारलेला रुमाल हातात ठेवला. सोबत एक चिठ्ठी: नागपूरच्या दातवाल्याचा पत्ता, खाली 'वरचे चौदा. मोजून देजो. मोजून आनजो. दुसऱ्याचे बदलवून देतात.' अशा रीतीनं नव्या नोकरीत नको असलेलं दुसरं काम माझ्याकडे आलं. रविवारी पॅसेंजरमध्ये मी साहेबाचे दात खिशात घालून बसलो होतो. समोरच्या बाईनं संत्र्याची फोड पुढं केली तर दचकलो, खिशातले दातच मागते आहे की काय!

दात जोडून आणले. त्यांनी पाठ फिरवून बसवले, जीभ फिरवून मोजले, आणि तीन दिवसांत पहिलं वाक्य बोलले, "रस्त्यानं कोनाले दाखवले?"

"नाही जी."

"दाखवले असशीन." मग दुसरीकडे पाहत, "त्या बुढीचा कापूस कोरडा हाय हे मले हातानंच समजलं होतं. दात तं शेटसाठी वाजवला."

पत्राबद्दल ते एक अक्षर कधी बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी टाईपरायटरच्या कापडावर मला एक सरकी ठेवलेली दिसली.

संक्रांत झाली आणि सेठजींनी मला त्यांच्या बैठकीच्या गादीवर बोलावलं. "शिकायत तुम्हारी झूठी थी," ते म्हणाले, "पर टायपिंग में एक गलती नहीं थी. कल से टेबल पर बैठो. होली पर पक्का कर देंगे. गाड़ियाँ बडेबाबू देख लेंगे, पहले जैसे."

हात असलेली खुर्ची दारातून दिसत होती. वडिलांना संध्याकाळच्या बसनं जाऊन सांगता आलं असतं. पण मी टेबलावर बसलो की दुसऱ्या दिवशी बंड्यांजवळ सरकी चावणार कोण, हेही मला दिसत होतं. हातानं समजलेलं सेठजी मानणारे नव्हते. त्यांना कट् ऐकायला लागायचं. आणि ते दात किती वेळा जोडून येणार?

"सेठजी, मले बंडीचंच काम बरं वाटते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे तिळगुळात खडा लागल्यासारखं पाहिलं. "सोच लो. गाड़ीवाला आदमी सीजन का होता है. पक्का नहीं होता."

"हाव जी."

वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी पुढं आणखी दोन सीजन त्या अंगणात काढले आणि पक्का कधीच झालो नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी मी गादीवरून उतरून अंगणात आलो, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. बडेबाबू छत्री टेकून उभे होते.

"टेबल सोडलं म्हणते."

"हाव."

"काहून?"

काय सांगणार? चार हमाल ऐकत उभे होते. "असंच," मी म्हणालो.

"असंच कोनी टेबल सोडत नाही." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. ते आणखी जवळ आले, दुपट्टा तोंडावर धरला आणि हळूच विचारलं, "खरं सांग. बंडीवाल्यायकून काय भेटून राहिलं तुले?"

मी पुढच्या बंडीत हात घातला.

दुसऱ्या दिवसापासून मी पास केलेल्या प्रत्येक बंडीत बडेबाबू बाही वर करून स्वतः हात घालू लागले. खांद्यापर्यंत, डोळे मिटून.